एकांताची शिक्षा

सात फूट रुंद, बारा फूट लांब अशी कोठडी. पलंग काँक्रीटचा, मेज काँक्रीटचे, बसायचे स्टूलही काँक्रीटचेच. चार इंच रुंदीच्या खिडकीतून आभाळाची चीर दिसते. आपण इमारतीच्या कोणत्या बाजूला आहोत, हे मात्र उमगत नाही. जेवणाचे ताट दारातल्या झरोक्यातून आत येते. दिवसाचे बावीस-तेवीस तास असेच सरतात. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात फ्लोरेन्स गावाजवळ १९९४ साली सुरू झालेल्या या तुरुंगातून आजवर एकही कैदी पळालेला नाही. मेक्सिकोतील तुरुंगांतून दोनदा निसटलेला अमली पदार्थांचा म्होरक्या ‘एल चापो’ गुझमन यालाही २०१९ साली येथेच आणून ठेवले गेले.

असा तुरुंग बांधण्याची वेळ का आली? इलिनॉय राज्यातील मॅरियनच्या तुरुंगात २२ ऑक्टोबर १९८३ रोजी कैद्यांनी दोन पहारेकऱ्यांचे खून केले, एकाच दिवशी, दोन निरनिराळ्या वेळी. त्यानंतर तेथील कैद्यांना वर्षानुवर्षे कोठडीतच बंद ठेवले गेले. त्या अनुभवातूनच फ्लोरेन्सचा आराखडा निघाला. पहारेकऱ्यालाही घरदार असते, संध्याकाळी त्याची वाट पाहणारी मुले असतात, हे विसरून कसे चालेल?

पण एकांताचा हा प्रयोग अमेरिकेला नवा नव्हता. फिलाडेल्फियात १८२९ साली उघडलेल्या तुरुंगात प्रत्येक कैद्याला एकटे ठेवत. हेतू चांगला होता: माणूस एकटा राहिला की आत्मपरीक्षण करील, पश्चात्तापाने सुधारेल! १८४२ मध्ये कादंबरीकार चार्ल्स डिकन्सने तो तुरुंग पाहिला आणि मनाचा हा छळ शरीराच्या छळापेक्षा भयंकर असल्याचे लिहिले. अखेर १९१३ साली तेथील ती पद्धत सोडून देण्यात आली.

फ्लोरेन्समध्येही तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. मनोरुग्ण कैद्यांची हेळसांड होते म्हणून २०१२ मध्ये दावा दाखल झाला. पुढे तडजोड होऊन सरकारला उपचारांत सुधारणा मान्य कराव्या लागल्या. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली मंडेलांच्या नावाने जे नियम स्वीकारले, त्यांत सलग पंधरा दिवसांपेक्षा अधिक एकांतवास निषिद्ध ठरवला आहे. आपल्याकडे तर १८६० च्या दंडसंहितेनेच एकांतवासाच्या शिक्षेला एका वेळी चौदा दिवसांची मर्यादा घातली होती. २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही ती कायम आहे.

धोकादायक माणसाला समाजापासून दूर ठेवलेच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. परंतु न्यायालयाने त्याचे स्वातंत्र्य काढून घेतलेले असते. त्याची बुद्धी शाबूत ठेवण्याची जबाबदारी मात्र त्याला कोंडणाऱ्यांवरच येते.