‘छावा’ कादंबरीवर आधारित. मग वादाचे उत्तर कोणी द्यायचे?

पनवेल तालुक्यातील नेरे परिसरातून प्रबळगड दिसतो. १६६५च्या पुरंदर तहात मोगलांना द्याव्या लागलेल्या २३ किल्ल्यांपैकी हा एक. गडाच्या सावलीत राहणाऱ्यांसाठी ‘छावा’सारखा चित्रपट नुसती करमणूक नसते. पडद्यावर दिसले तेच घडले, असे मानणारेही खूप. वादाचे मूळ तिथेच आहे.

लक्ष्मण उतेकर दिग्दर्शित ‘छावा’ १४ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला. विकी कौशल संभाजी महाराजांच्या, तर अक्षय खन्ना औरंगजेबाच्या भूमिकेत. आधार शिवाजी सावंत यांच्या १९७९मधील कादंबरीचा.

हक्क कशाचे घेतात?

इतिहासातील घटनांवर कोणाची मालकी नसते. संभाजी महाराज १६८९मध्ये संगमेश्वरला पकडले गेले, हे कोणीही पडद्यावर आणू शकतो. लेखकाने रचलेले प्रसंग आणि संवाद वापरायचे, तर मात्र परवानगी लागते. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हे हक्क टिकतात. सावंत २००२मध्ये गेले; म्हणजे २०६२ अखेरपर्यंत. ‘पानिपत’ (२०१९) चित्रपटाच्या वेळी कादंबरीकार विश्वास पाटील कथेच्या हक्कावरूनच न्यायालयात गेले होते.

आधी लेझीम, मग शिर्के

ट्रेलरमधील लेझीम नृत्यावर आक्षेप आला आणि उतेकरांनी ते दृश्य काढले. तो वाद लवकर मिटला. दुसरा अवघड. गणोजी व कान्होजी शिर्के यांना फितूर दाखवल्यावरून वंशजांनी मानहानीच्या दाव्याचा इशारा दिला. उतेकरांनी दिलगिरी व्यक्त केली. चित्रपटात आडनाव किंवा गाव घेतलेले नाही आणि चित्रपट कादंबरीवर बेतला आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

हे उत्तर अर्धेच पटते. कादंबरीचे हक्क घेतले म्हणून मानहानीच्या दाव्यापासून संरक्षण मिळत नाही. मृत व्यक्तीची बदनामीही कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केली असेल, तर गुन्हा ठरू शकते. अर्थात कायद्यात उल्लेख कुटुंबीय व जवळच्या नातलगांचा आहे. सव्वातीनशे वर्षांनंतरच्या वंशजांनी ते सिद्ध करणे सोपे नाही.

कादंबरीकार रिकाम्या जागा कल्पनेने भरतो, हे वाचकाला ठाऊक असते. सुमारे पावणेतीन तास तलवारींचा खणखणाट ऐकून बाहेर पडणाऱ्याला ‘कादंबरीवर आधारित’ ही पाटी आठवेलच असे नाही. आणि संगमेश्वरची खबर नेमकी कोणी दिली, यावर इतिहासकारांत आजही एकमत नाही.