वापरलेले तेजाब पुन्हा कामाला

नांदेड-लातूरकडे घरोघरी पत्र्याची बादली असते. तिच्यावर जस्ताचा थर असतो. म्हणून ती लवकर गंजत नाही.

जस्त चढवण्याआधी पत्र्याचा गंज काढावा लागतो. त्यासाठी पत्रा मिठाच्या तेजाबात बुडवतात. हळूहळू त्यात लोखंड विरघळते. मग तेजाब निकामी होते. ते ओढ्यात सोडले, तर विहीर नासते. लातूरला २०१६ साली दुष्काळात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा मुलुखात विहीर नासून कसे चालेल?

यावर उपाय आहे. पत्र्याच्या मोठ्या कारखान्यांत हे तेजाब भट्टीत तापवतात. त्याची वाफ पाण्यात धरली, की पुन्हा तेजाब तयार! मागे लोखंडाची तांबडी भुकटी उरते. ती रंगाला चालते.

चुलीच्या वैलावर फुकटात पाणी तापते ना? तसेच भट्टीच्या गरम वाफेवर पुढचे तेजाब आटवून घेतात. तेजाब परत मिळते, जळण वाचते आणि विहीरही वाचते.