लाल ठिपक्याचा पत्ता

एका वाचकाने फोटो पाठवला आहे. एअर रायफलवर बसवायची रेड डॉट साइट, म्हणजे लाल ठिपक्याने नेम धरायचं साधन, ऑनलाइन मागवलेली. खोक्यावर अमेरिकी कंपनीचं नाव, निळ्या-तांबड्या पट्ट्या आणि ठळक अक्षरांत ‘डिझाइन्ड इन यूएसए’. खोकं उलटं केलं की बारकोडच्या खाली बारीक अक्षरांत ‘मेड इन चायना’. वाचकाचा प्रश्न : मग ही वस्तू खरी कुठली? जोडीला दुसराही प्रश्न : आपले नेमबाज स्वप्निल कुसाळे असलीच साइट वापरतात का?

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे, नाही. ऑलिंपिकच्या रायफल आणि पिस्तूल प्रकारांत हा ठिपका चालत नाही. पहिल्याचं उत्तरही तसं एका शब्दाचं आहे, चीन. अशा साइट विकणाऱ्या कंपन्यांपैकी होलोसनचं कार्यालय कॅलिफोर्नियात आणि प्राइमरी आर्म्सचं टेक्ससमध्ये, पण त्यांच्या किफायतशीर साइट चीनमध्ये बनून येतात. पण हा ठिपका मुळात निघाला तो डब्लिनमधून, आणि तेही दुर्बिणी बनवणाऱ्याच्या कारखान्यातून. ही गोष्ट मला जास्त आवडते.

साध्या बंदुकीने नेम धरताना मागची खाच, पुढची माशी आणि लांबचं लक्ष्य अशा तीन अंतरांवरच्या वस्तू डोळ्याला एकाच वेळी स्पष्ट बघायच्या असतात. डोळ्याला ते जमत नाही, चाळिशीनंतर तर मुळीच नाही. डब्लिनचे ते दुर्बिणीवाले, सर हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली या अडचणीवरच्या उपायाचं पेटंट घेतलं. वक्र काचेच्या नाभीवर एक उजळ खूण ठेवायची. तिचा प्रकाश काचेवरून परतताना समांतर होतो, आणि खूण हाताच्या अंतरावर असूनही डोळ्याला ती अनंत अंतरावर दिसते. एसटीच्या खिडकीतून पाहताना झाडं मागे पळतात, चंद्र मात्र आपल्यासोबत येतो, तसंच हे. डोकं थोडं इकडेतिकडे हललं तरी ठिपका लक्ष्यावरच राहतो.

ग्रब घराण्याचा धंदा आकाशाचा. मेलबर्नची ४८ इंची दुर्बीण त्यांचीच, आणि ब्रिटिश पाणबुड्यांचे पेरिस्कोपही. पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, कावसजी नायगमवाला यांनी महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली, तिथेही ग्रबचीच दुर्बीण आली होती. १९१२ साली ती कोडाईकनालला गेली. ग्रब यांचं नाव खगोलाच्या इतिहासात सापडतं. बंदुकीच्या साइटच्या जाहिरातींत मात्र मला ते आजवर दिसलेलं नाही. तिथे सगळं जणू काल-परवाच शोधलेलं असतं.

ग्रब यांची अडचण दिव्याची होती. मिणमिणता का होईना, पण इवलासा आणि महिनोन्‌महिने पुरणारा दिवा १९०० साली कुठून आणणार? विमानांत जागा आणि वीज दोन्ही असल्यामुळे पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मन लढाऊ विमानांवर ही कल्पना आधी पोचली. रायफलला वाट पाहावी लागली. १९६२ साली निक होलोनियाक यांनी लाल एलईडी बनवला, आणि १९७५ साली स्वीडनच्या एमपॉइंटने तो वापरून पहिली इलेक्ट्रॉनिक रेड डॉट साइट बाजारात आणली. एमपॉइंट आजही स्वीडनमध्ये साइट बनवते, अमेरिकेतली ट्रिजिकॉन मिशिगनमध्ये. दोन्हींच्या किमती एअर रायफलवाल्याच्या खिशाबाहेरच्या.

मग स्वस्त माल चीनमध्येच का? उघडून पाहिली तर साइटमध्ये बॅटरीखेरीज मुख्य गोष्टी चारच असतात : ॲल्युमिनियमचं कोरलेलं घर, एलईडी, लेप दिलेली वक्र काच आणि ठिपका सरकवणारे दोन स्क्रू. लेप फक्त लाल रंग परतवतो, बाकीचा प्रकाश आरपार सोडतो. म्हणून अशा काचेतून पाहिलेली पांढरी भिंत किंचित निळसर दिसते. या चारही गोष्टी मोठ्या प्रमाणात करणारे हात एका देशात आहेत. दृक्-उपकरणांची परंपराही तिथे नवी नाही. जपानशी युद्ध चालू असताना १९३९ साली कुनमिंगमध्ये लष्करी दुर्बिणी बनू लागल्या होत्या. गंमत अशी, की चीनमध्ये सामान्य माणसाला बंदूक बाळगायला १९९६ च्या कायद्याने जवळपास बंदीच आहे. ज्यांच्या हातून या साइट बनतात, त्यातल्या बहुतेकांना त्या बसवायला बंदूक मिळणार नाही.

आता खोक्यावरचा ‘बॅटरी ५०,००० तास’ हा दावा. नाणं-बॅटरी साधारण २२० मिलिॲम्पिअर-तासांची. भागाकार केला की एलईडीच्या वाट्याला येतात जेमतेम साडेचार मायक्रोॲम्पिअर. एवढ्याने ठिपका पेटतो खरा, पण भर उन्हात कितपत दिसेल? तो आकडा मंद ठेवलेल्या ठिपक्याचा असतो; प्रखर केला की आयुष्य भराभर घटतं. ५०,००० तास म्हणजे पावणेसहा वर्षं, आणि ग्राहक मनात धरतो ती दुपारच्या उन्हातली पावणेसहा वर्षं.

महागड्या साइटमध्ये पैसे जातात ते या चार गोष्टी जागच्या जागी धरून ठेवायला. दणक्याने काच सुटू नये, स्क्रू ढळू नये, आत वाफ धरू नये यासाठी. स्प्रिंगच्या एअर रायफलचा पुढे-मागे बसणारा झटका साइटला जड जातो; आधीच दाबलेली हवा भरलेल्या एअर रायफलवर मात्र दणका बेताचा, म्हणून तिथे स्वस्त साइटवर बऱ्याचदा भागतं. आकाशदर्शनवाल्यांच्या दुर्बिणीवर शोधक म्हणून हाच लाल ठिपका बसतो, तिथे तर दणकाच नसतो.

तपासायचंच असेल तर साइट टेबलावर घट्ट बसवा, लांबच्या मोबाइल टॉवरच्या टोकावर ठिपका आणा, आणि साइटला हात न लावता डोकं चारही बाजूंना हळूहळू सरकवा. टोकावरून ठिपका ढळला, तर दुकानदाराला परत.