प्रमाणपत्रामागील भागीदारी

गावातील निराधार वृद्धेच्या हाती अनुदानाची रक्कम ठेवणारा बँक मित्र हा बहुधा बँकेचा नोकर नसतो. असे प्रतिनिधी नेमण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २००६ मध्ये दिली. त्यांच्या ज्ञानाची पारख करणारी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स ही बँक व्यावसायिकांची संस्था मुंबईत १९२८ पासून कार्यरत आहे. तिच्या परीक्षा पूर्वी मुख्यतः बँक कर्मचाऱ्यांसाठी असत. खेड्यातील तरुणापर्यंत एकटीने पोहोचणे तिला अवघडच होते. म्हणून तिने प्रादेशिक भाषा स्वीकारल्या आणि गावोगावच्या सीएससी केंद्रांच्या जाळ्याचे साहाय्य घेतले.

कर्जवसुली प्रतिनिधींबाबत हीच रीत अधिक स्पष्ट दिसते. रिझर्व्ह बँकेने २००८ मध्ये त्यांच्यासाठी प्रशिक्षणाचा आग्रह धरला. इंडियन बँक्स असोसिएशनच्या सहकार्याने १०० तासांचा अभ्यासक्रम ठरला. शिकवण्याचे काम मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थांकडे गेले, परीक्षा मात्र मूळ संस्थेनेच हाती ठेवली. ही विभागणी मोलाची आहे. कारण शिकविणाराच उत्तीर्ण ठरवू लागला, तर प्रमाणपत्रे वाढतील, पण त्यांची पत उरणार नाही.

आपल्या गावातील बँक मित्र प्रमाणित आहे काय, याची विचारणा ग्रामपंचायतींनी संबंधित बँकशाखेकडे अवश्य करावी.