न्याय्य युद्ध कोणते?

राजोडीच्या किनाऱ्यावर एकदा मुलीने मला विचारले, "बाबा, तुम्ही लढलात ते बरोबर होते का?" श्रोतेहो, १९७१ साली मी पूर्व आघाडीवर शिपाई होतो. सुमारे एक कोटी निर्वासित आपल्याकडे आले होते. कारण शोधावे लागले नाही. परंतु कारण काय, ते प्रत्येक सेनापतीजवळ असतेच!

म्हणून मी तिला वसईच्या किल्ल्यात नेले. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी तो घेतला. दोन वर्षांच्या मोहिमेत मराठ्यांची माणसे अतोनात पडली होती. सूड घ्यावयास तेवढे पुरे होते. तरीही हरलेल्या पोर्तुगीजांना शस्त्रे व कुटुंबकबिल्यासह जाऊ दिले, मागे राहणाऱ्यांना स्वधर्म पाळण्याची मुभा दिली. युद्धाची परीक्षा मी आरंभाइतकीच अशा शेवटावरून करतो. १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात शरणागती झाली. १९७२ च्या मार्चपर्यंत आपले बहुतेक सैन्य परतले, बहुतेक निर्वासितही घरी गेले. ढाका आपण आपल्याकडे ठेवले नाही.

"आणि जे परतलेच नाहीत ते, बाबा?"

माझ्या शेजारच्या खंदकातला जवान परतला नव्हता. मी तिला त्याचे गाव सांगितले. दुसरे काही सुचले नाही.