सोनं सोसत नाही?

"सोनं मला सोसत नाही हो," असं म्हणत एक ताई माझ्या दुकानात आल्या. कानाच्या पाळ्या लाल, चिघळलेल्या. कुड्या २२ कॅरटच्या. पण दुरुस्तीच्या वेळी कुणीतरी दांड्या भलत्याच धातूच्या बसवल्या होत्या. निकेल तपासायच्या द्रावणात भिजवलेला कापूस दांडीवर घासला, तर तो गुलाबी झाला. म्हणजे निकेलच! घामात ते थोडंथोडं विरघळतं, कातडीत उतरतं. एकदा वावडं जडलं की सहसा जन्मभर राहतं. वरून मुलामा देऊन भागत नाही, तो झिजतोच. पांढऱ्या सोन्यातही पुष्कळदा निकेल असतं. अशा गिऱ्हाइकासाठी मी पॅलेडियम घातलेलं घेतो. ताईंना दांड्या आणि फिरक्या २२ कॅरटच्याच करून दिल्या, त्यात भर तांबं-चांदीची. मात्र पाळ्या बऱ्या होईपर्यंत कान मोकळे ठेवा, असं बजावलं.