असो, फक्त, येरू

नियतकालिक वेळेवर निघतं. पैसे जमतील तेव्हा निघतं, ते अनियतकालिक. मराठीतल्या भूमिगत साहित्याचा पहिला विनोद या नावातच आहे.

सुरुवात १९५४ची. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांचं ‘शब्द’ सायक्लोस्टाइलवर निघे. टाइपरायटरची रिबन काढायची, नुसत्या खिळ्यांनी मेणकागदावर अक्षरं टोचायची, मग शाईचा रूळ फिरवायचा. जोर जास्त झाला की ‘ठ’चं पोट फाटून कागदावर काळा ठिपका. हात तर काळे व्हायचेच.

पुढची नावं बघा: अशोक शहाणे यांचं ‘असो’, मग ‘वाचा’, ‘फक्त’, ‘अबकडइ’. ‘येरू’ काढणारे राजा ढाले तर थेट ‘सत्यकथे’वर घसरले, लेखाचं नाव ‘सत्यकथेची सत्यकथा’. टीका अशी शीर्षकातच उरकणं सोपं नाही! प्रतिष्ठित मासिकाची टर उडवायला यांना संपादकाची परवानगी लागत नव्हती, कारण संपादक, हमाल आणि विक्रेता बहुधा एकच.

‘सत्यकथा’ १९८२मध्ये बंद पडलं. आसनगावजवळच्या सापगावासारख्या गावात आज तशीच टर उडवायची तर मोबाइल पुरतो. आसनगावहून लोकल पकडून मुंबईचा छापखाना गाठावा लागत नाही. रेंज मात्र हवी.